इमारत बिघडते ती निविदेच्या आधी

विद्यापीठाच्या नव्या इमारतीचा विषय निघाला की पुण्यात पहिला प्रश्न ठेकेदाराचा येतो. काम कोणाला मिळाले, किती टक्के कमी दराने मिळाले, याची चर्चा कट्ट्यापासून विद्यापीठाच्या अधिसभेपर्यंत (सिनेटपर्यंत) होते. ती व्हायलाच हवी, कारण पैसा जनतेचा आणि विद्यार्थ्यांच्या शुल्काचा आहे. परंतु ३२ वर्षे सरकारी इमारतींच्या कामांवर अभियंता म्हणून काढल्यानंतर माझे ठाम मत झाले आहे की बहुतेक इमारती निविदा उघडण्याच्या कितीतरी आधी बिघडलेल्या असतात आणि त्या काळातल्या कागदांकडे कोणी फिरकत नाही.

कामाची रीत थोडक्यात सांगतो. विभाग जागेची मागणी करतो, ढोबळ अंदाजावर प्रशासकीय मान्यता मिळते, वास्तुविशारद नकाशे करतो, दरसूचीप्रमाणे सविस्तर अंदाजपत्रक तयार होते, त्याला तांत्रिक मान्यता मिळते आणि मग ई-निविदा निघते. या क्रमात चूक काहीच नाही. अडचण अशी की अनुदान मार्चअखेर खर्ची पडले पाहिजे या घाईत नकाशे अर्धवट असतानाच निविदा निघते. ‘बाकीचं काम सुरू झाल्यावर बघू’ हे वाक्य मी इतक्या बैठकांत ऐकले आहे की ते कानावर पडताच पुढची तीन वर्षे डोळ्यांसमोर उभी राहतात.

बी-१ पद्धतीच्या निविदेत ठेकेदार अंदाजपत्रकाच्या एकूण रकमेवर एकच टक्का कमी किंवा जास्त भरतो. म्हणजे अंदाजपत्रकातली परिमाणेच चुकलेली असतील, तर कोण किती ‘बिलो’ गेला या आकड्याला फारसा अर्थ उरत नाही. पायाच्या खोदाईत दीड मीटर मुरूम धरलेला असतो आणि हाताभर खोलीवर कठीण पाषाण लागतो. पुण्याच्या जमिनीत हे नित्याचे आहे. शंभर फुटांच्या अंतरात काळी माती, मुरूम आणि अखंड बेसॉल्ट असे तिन्ही थर मी पाहिले आहेत. आधी जमिनीचे थर तपासायला चार-सहा बोअर घेतले असते तर हे कळले असते आणि बोअरचा खर्च एकूण कामाच्या मानाने नगण्य असतो. ते घेतले नाहीत की परिमाणे वाढतात, अंदाजापेक्षा वाढलेल्या परिमाणांचे दर ठरवणारे निविदेतले कलम ३८ लागू होते, जादा बाबींची दरमंजुरी सुरू होते, फाइल स्थावर विभाग, लेखा विभाग आणि समित्या यांच्यात फिरत राहते आणि काम थांबते. नंतर लोक म्हणतात, ठेकेदार पळाला.

एक प्रसंग मनातून जात नाही. एका सार्वजनिक शिक्षणसंस्थेच्या प्रयोगशाळा-इमारतीवर मी देखरेखीला होतो. संस्थेचे नाव घेत नाही. गिलावा, रंग, फरशी, सगळे झाले होते. रसायनशास्त्राच्या प्राध्यापिका पहिल्यांदा आत आल्या, कोपऱ्यापर्यंत गेल्या आणि शांतपणे विचारले, ‘साहेब, फ्यूम हूडचा धूर कुठून बाहेर जाणार?’ प्रयोगातले घातक वायू ओढून बाहेर टाकणाऱ्या त्या उपकरणाची नकाशात जागाच नव्हती. पुढच्या आठवड्यात नव्या स्लॅबला कोअर कटरने आरपार भोके पाडली. पाणी आणि सिमेंटची करडी रबडी नव्या फरशीवर पसरली होती आणि मजूर गोणपाटाने ती पुसत होते. त्याच भोकांच्या कडेने पहिल्या पावसात गळती सुरू झाली. त्या बाईंना नकाशाच्या टप्प्यावर एक तास बसवून घेतले असते, तर यातले काहीही झाले नसते. तसे सुचवायला हवे होते ते मीही सुचवले नाही, याची खंत आजही आहे.

उलट उदाहरणही पुण्यातच, गणेशखिंडीतल्या विद्यापीठाच्या आवारात आहे. आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेची इमारत वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी केली. ज्यांना तिथे काम करायचे होते त्या खगोलशास्त्रज्ञांचे नेतृत्व जयंत नारळीकर करत होते. तिथल्या चौकात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे आहेत, आवारात पृथ्वीचे स्वतःभोवती फिरणे दाखवणारा फुकोचा लंबक आहे. तिथे उभे राहिले की कळते, वापरणारा आणि बांधणारा एकमेकांशी बोलले होते.

त्याच परिसरातली मुख्य इमारत, म्हणजे जुने गव्हर्नमेंट हाउस, मात्र वेगळा धडा देते. १८६४ मध्ये बार्टल फ्रियर गव्हर्नर असताना, अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाचा भाव चढलेल्या काळात तिचे बांधकाम सुरू झाले. पुढे भाव कोसळला, खर्च मात्र वाढत गेला आणि फ्रियर यांच्यावर उधळपट्टीची टीका झाली. हाती पैसा आहे म्हणून बांधायला घेण्याची सवय या आवारात विद्यापीठाहून जुनी आहे. विद्यापीठ आले १९४९ साली.

अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याने सुगम्यतेचे निकष पाळल्याशिवाय बांधकामाचा नकाशा मंजूर होता कामा नये, असे सांगितले आहे. तरीही कित्येक इमारतींना उतार शेवटी चिकटवला जातो, बारास एकच्या प्रमाणापेक्षा कितीतरी खडा, आणि चाकाच्या खुर्चीतल्या विद्यार्थ्याला मागून दोघे ढकलतात. हाही अर्धवट नकाशाचाच परिणाम आहे.

कायद्यात समित्या पुरेशा आहेत. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ प्रमाणे व्यवस्थापन परिषद आहे, वित्त व लेखा समिती आहे, आणि अंदाजपत्रक अधिसभेपुढे येते. पण अधिसभेपुढे येते ती एक ओळ: अमुक इमारत, अमुक रक्कम. या ओळीमागची गरज तपासायला सदस्याच्या हाती काहीच नसते. आहे त्या वर्गखोल्या दिवसातले किती तास वापरात असतात, जुन्या इमारतीची दुरुस्ती केली तर काय लागेल, नव्या इमारतीची वीज, सफाई, लिफ्ट आणि वॉटरप्रूफिंग यांचा वार्षिक खर्च कोणत्या शीर्षातून होणार, हे प्रशासकीय मान्यतेच्या प्रस्तावातच लिहिलेले असावे आणि तो प्रस्ताव, नकाशांसह, निविदेच्या किमान दोन महिने आधी संकेतस्थळावर असावा, असे मला वाटते. वापरणाऱ्या विभागाची नकाशावर सही असावी. ती सही झाल्यावर बदल मागितला तर त्याचे कारण आणि वाढीव रक्कमही तिथेच दिसावी. दोषदायित्वाचा, म्हणजे बांधकामातले दोष ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करण्याचा, कालावधी संपण्याआधी एका पूर्ण पावसाळ्यानंतरची पाहणी विद्यार्थी आणि प्राध्यापकांना सोबत घेऊन व्हावी, आणि तिचा अहवाल मिळाल्याशिवाय ठेकेदाराची सुरक्षा ठेव परत करू नये.

एवढ्याच चार मागण्यांचे दोन पानी पत्र मी तयार केले आहे. नोंदणीकृत पदवीधरांमधून निवडून गेलेल्या अधिसभा सदस्यांना ते या आठवड्यात पाठवतो आहे. ज्यांना त्यावर सही करायची असेल त्यांनी खाली लिहावे, आणि ज्यांनी एखाद्या विभागात अशा इमारतीचा त्रास सोसला आहे त्यांनी खोली, वर्ष आणि अडचण एवढेच कळवावे. ते मी पत्राला जोडेन.