बसा ना काका!

निवृत्तीनंतर लोक ज्ञानेश्वरी उघडतात, मी यूट्यूब उघडलं. तिथे अमेरिकेतली ॲपलाचियन ट्रेल भेटली. जॉर्जियातल्या स्प्रिंगर डोंगरापासून मेनमधल्या कटाडिनपर्यंत, १४ राज्यांतून जाणारी, जवळपास ३,५०० किलोमीटरची पायवाट. सलग चालणाऱ्यांना पाच-सात महिने लागतात. १९५५ मध्ये एमा गेटवुड ही ६७ वर्षांची, अकरा मुलांची आई मुलांना 'जरा चालून येते' एवढंच सांगून निघाली आणि कॅनव्हासचे बूट घालून, घरी शिवलेली पिशवी खांद्याला अडकवून ती एकटीने पार केली. मी वयाने तिच्याहून सहा वर्षांनी लहान, मुलंही दोनच. म्हटलं, आपण निदान नाशिक ते त्र्यंबक जमवू. तीसेक किलोमीटर तर आहे.

पहाटे पाचला नऊ किलोंची सॅक चढवली. "जरा चालून येतो," म्हणालो. हिने झोपेतच सांगितलं, "येताना दूध आणा."

नाशकात पायी चालायला बंदी नाही, पण कारण लागतं. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला माणसांचे लोटच्या लोट चालतात, कुणी हटकत नाही. निवृत्तिनाथांच्या पालखीसोबत पंढरपूरला निघालात, तर लोक पाया पडून वर चहाही पाजतात. पण मार्गशीर्षातल्या साध्या मंगळवारी, पाठीवर बोचकं घेतलेला माणूस एकटा चालतोय म्हणजे नक्की काहीतरी बिनसलंय.

सातपूरला पहिली स्कूटर थांबली. "बसा काका."

"नको, चालतोय."

"ते दिसतंय हो. पण का?"

याला उत्तर नव्हतं. 'आवड म्हणून' म्हणालो, तर त्याने शुगर किती आहे ते विचारलं. पुढे एक काळी-पिवळी अर्धा किलोमीटर माझ्या चालीने चालत राहिली. ड्रायव्हर आधी साठ रुपये म्हणाला, मग चाळीस, शेवटी कळवळून "राहू द्या, फुकट चला." तिकडे ट्रेलवरचे लोक गावात जेवायला जाण्यासाठी अंगठा दाखवत रस्त्याकडेला ताटकळतात. इथे लिफ्ट माझा पाठलाग करत होती!

तिकडे झाडांवर पांढरे पट्टे रंगवलेले असतात, ते बघत जायचं. मी हायवेच्या कडेची पांढरी रेघ धरली. एका म्हशीनेही तीच धरली होती. तिला मात्र कुणी काही विचारत नव्हतं.

महिरावणीला टेकलो तेव्हा आठ वाजले होते. बूट काढून फोड मोजत होतो, इतक्यात ओळखीचा हॉर्न वाजला. ही. स्कूटीवर.

"तीन फोन आले मला. शेजारच्या वहिनी विचारतात, भांडण झालं का? पुण्याहून पोरगी रडतेय, बाबा संन्यास घ्यायला त्र्यंबकला निघाले म्हणून. कुणी फोटो टाकलाय ग्रुपवर!"

"अगं, ती एमा गेटवुड…"

"ही कोण आता?"

मी मुकाट्याने मागे बसलो. सॅक मांडीवर.

"दूध घेतलंत?"