'बेक ऑफ'मधल्या त्या आइस्क्रीमबद्दल खुलासा

'ग्रेट ब्रिटिश बेक ऑफ' या ब्रिटिश टीव्हीवरच्या बेकिंग स्पर्धेत डायना या स्पर्धकाने मुद्दाम इअन या दुसऱ्या स्पर्धकाचं आइस्क्रीम फ्रीझरबाहेर काढलं, म्हणून तिला हाकललं, असा मेसेज पुन्हा फिरतोय. भाग 2014 चा. आइस्क्रीम बाहेर होतं 40 सेकंद, असं परीक्षक पॉल हॉलिवुडने तेव्हाच ट्विटरवर लिहिलं होतं. इअन बाद झाला तो अख्खा बेक्ड अलास्का (आइस्क्रीम घालून केलेला केक) कचऱ्याच्या डब्यात टाकून तो डबाच परीक्षकांपुढे नेऊन ठेवला म्हणून. चाखायलाच काही उरलं नाही, तर परीक्षण कशाचं करणार? (वैतागलेला माणूस, समजू शकतो.) डायना गेली ती आजारपणामुळे, बीबीसीने तसं जाहीर केलं होतं. हा प्रसंग ज्या पद्धतीने दाखवला त्या एडिटिंगवर राग असेल तर खुशाल काढा, पण हा मेसेज कृपया पुढे ढकलू नका.