माझी कोंबडी, नानांचं कूळ

आज दुपारी अडीचला मी माझ्याच कोंबडीचं अंडं शेजारच्या नानांकडून 10 रुपयाला विकत घेतलं. सुट्टे नव्हते म्हणून 20 ची नोट दिली, तर म्हणाले राहू दे, उद्याच्या अंड्याचा ॲडव्हान्स. तेव्हापासून डोकं फिरलंय. लॅपटॉप ऑफिसच्या कामाला उघडलाय आणि लिहितोय हे.

तर परसात माझ्या पाच गिरिराज जातीच्या कोंबड्या आणि एक कोंबडा. कोंबड्या अंड्यावर यायला लागल्या म्हणून बॉक्स करायचे ठरवले, कमी खर्चात. हे 'कमी खर्चात' लक्षात ठेवा. मोबाईलवर एक पोरगं 'नमस्कार मित्रांनो' करून येतं, रंगाची 20 लिटरची रिकामी बादली आडवी टाकतं, झाकण अर्धं कापून खालच्या बाजूला उंबरठ्यासारखं ठेवतं म्हणजे पेंढा बाहेर येत नाही आणि अंडं गडगडत नाही, आणि चार मिनिटांत मोकळं. चार-पाच कोंबड्यांना एक बॉक्स पुरतो असंही सांगतं. मी तीन केले, कारण पाच माणसांत एक बाथरूम असलं की सकाळी काय होतं हे त्या पोराला माहीत नसावं, मला आहे.

भंगारवाल्यानं बादली 50 ला दिली, तीन बादल्या 150. फळी 400. स्क्रू, अँगल 240. आणि ड्रिल मशीन 1850, कारण आमच्या गल्लीत ड्रिल चार घरी आहे पण मागायला गेलं की चारही घरी 'कालच कुणीतरी नेलं'. ही वहीत सगळं लिहिते. टोटल 2640. एक अंडं कितीला पडलं ते काढून दाखवा म्हणाली, मी म्हणलं आधी अंडं तर येऊदे.

त्यात पहिल्यांदा बसायचा बांबू मी बादल्यांपेक्षा खाली लावला. कोंबडी रात्री सगळ्यात उंच जागा शोधते, त्यामुळं तीन रात्री पाचही जणी बादल्यांत झोपल्या आणि सकाळी आतमध्ये काय होतं ते जेवणाच्या वेळी लिहीत नाही. बांबू वर घेतला, बादल्या घासल्या, नवा पेंढा टाकला. मग त्यांना जागा कळावी म्हणून टेबल टेनिसचा बॉल ठेवला, नकली अंडं म्हणून. कोंबड्यांनी तो टोचून टोचून फोडला आणि पुन्हा तिकडं फिरकल्या नाहीत. आता एका बादलीत कोंबडा बसतो. दुपारभर. कशासाठी ते त्यालाच माहीत.

आठवडा गेला, अंडं नाही. आज जेवायला उठलो तर भिंतीपलीकडून 'कटकटकटकटाक' सुरू, अंडं घातल्यावर जी जाहिरात करतात ती. पडक्या भिंतीवरून बघतो तर नानांच्या परसातलं बंद पडलेलं वॉशिंग मशीन, कपडे पिळायच्या भांड्याचं झाकण गेलेलं, आत जुनी पोती, आणि त्यातून माझी तांबडी कोंबडी बाहेर मान काढून उभी. नाना शेजारी खुर्ची टाकून बसलेले. वाट बघत. म्हणजे माणसाला टायमिंग ठाऊक होतं.

"नाना, आमची कोंबडी."

"हो की. तुझीच आहे, मी कुठं नाही म्हणतोय." आणि अंडं उचलून बनियनला पुसलं.

"मग अंडं..."

नाना महसूल खात्यातून रिटायर झालेत. त्यांच्याशी भांडताना हे विसरायचं नसतं, मी विसरलो.

"हे मशीन कुणाचं?"

"तुमचं."

"त्यात रोज येऊन बसतं कोण?"

"कोंबडी."

"जागा एकाची, वहिवाट दुसऱ्याची. असल्या वहिवाटदाराला काय म्हणतात?"

"कूळ," मी बोलून गेलो. तिथंच संपलो.

"मग कुळानं जागामालकाला काय द्यायचं असतं?"

"खंड."

"हां," म्हणाले आणि अंडं खिशात.

मीपण अगदीच येडा नाही, माझ्या आज्ज्यानं कुळाची जमीन केलीय. म्हणलं नाना, कुळकायदा 1948 चा, आणि 1 एप्रिल 1957 ला कसणारा मालक झाला. त्या हिशोबानं मशीन आता कोंबडीचं, म्हणजे माझं. मला वाटलं जिंकलो. नाना हसले, ते जुन्या फायलीसारखं पिवळं हसतात.

"असं आपोआप नसतंय बाबा. कलम 32 ग ची केस चालते, किंमत ठरते, पैसे भरायला लागतात, मग 32 म चं खरेदीचं सर्टिफिकेट मिळतं. आहे तुझ्याकडं? तिच्याकडं आहे?" कोंबडीकडं बोट करून विचारलं. कोंबडीनं दुसरीकडं बघितलं.

"बरं खंड तर खंड, पण सहात एक घ्या की. बाकी पाच माझी."

"हे सहावंच आहे."

"आणि आधीची पाच?"

तेवढ्यात आतून काकूंचा आवाज, "अहो, अंड्याचं कालवण गार होतंय!"

मी गप्प. नाना पण गप्प, पण त्यांचं गप्प बसणं वेगळं होतं.

"हे पाहिजे असेल तर 10 रुपये. बाजारात गावरान 12 ला आहे. तू घरचा म्हणून."

आणि मी दिले हो! चूक माझीच, पण घरी 2640 ची वही उघडी होती, एक तरी अंडं दाखवणं भाग होतं. राग अंड्याचा नाहीये. पिल्लं आणली तेव्हा मानमोडी रोगाची लस मी दिली, एकेका पिल्लाच्या डोळ्यात लासोटाचा थेंब. खाद्य माझं, शिंपल्याची भुकटी माझी, घाण काढतो मी, आणि हा माणूस खुर्ची टाकून कालवण खातो. बरं, फळी ठोकताना हेच नाना भिंतीवरून तासभर बघत होते, 'जरा डावीकडं घे' म्हणत होते, पण एक टोक धरा म्हणलं तर पाठ दुखत होती. आपल्याकडं सल्ला द्यायला पाठ लागत नाही.

आणि खरं जे लागलंय ते हे, की ते मशीन आतून अंधारं, शांत, खोलगट, पाऊस न लागणारं. बॉक्स कसा पाहिजे म्हणून त्या पोरानं जे जे सांगितलं ते सगळं त्यात आहे. फुकट.

चार वाजता भंगारवाल्याला घेऊन गेलो. मशीनचे 700 देतो म्हणाला, वर 200 मी घालणार होतो. नाना म्हणाले, "कूळ आहे त्यात. कुळाला नोटीस दिल्याशिवाय विकता येत नाही."

आत्ता संध्याकाळी बसून हिशोब केला. अंडं तयार व्हायला कोंबडीला 24 तासांपेक्षा थोडं जास्तच लागतं, म्हणून ती रोज तास-दीड तास उशिरा घालते, आणि असं सरकत सरकत दुपार कलली की एक दिवस सुट्टी घेऊन परत सकाळपासून सुरू. पहिलं सातला घातलं असेल तर सहावं अडीचला येतं. बरोबर अडीचलाच आलं.

म्हणजे उद्या तिचा खाडा. आणि माझे 10 रुपये नानांकडं.