दमा रक्तातला की घरातला?

गेल्या रविवारी घरच्या ग्रुपवर चुलतभावासाठी आलेलं एक स्थळ नाकारलं गेलं. मुलगी नर्सिंग शिकलेली, सोलापूरचीच, पत्रिकाही जुळली होती. काकांनी कारण एका ओळीत लिहिलं, "आजीला दमा, आईला दमा. त्यांच्या रक्तातच आहे." खाली सात अंगठे. मग मला उद्देशून, "तू तर त्याच विषयातली. सांग."

विचारलंय, तर सांगते.

गंभीर आजारांचं संख्यात्मक जनुकशास्त्र हा माझा विषय आणि स्कॉटलंडमधल्या एडिनबरात पोस्टडॉकचं, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाचं, हे चौथं वर्ष. एकाच विषाणूची लागण झालेले बहुतेक जण घरीच बरे होतात आणि एखाद्यालाच व्हेंटिलेटर लागतो, तो का, हे हजारो रुग्णांच्या डीएनएमधले लाखो बारीक फरक मोजून शोधायचं, हे माझं रोजचं काम. "रक्तातच आहे" हे वाक्य माझ्या विषयात इतकं सहज कुणी बोलत नाही.

मुलीची आई आणि आजी दोघी विड्या वळतात. सोलापूरजवळच्या कुंभारीत, विडी कामगारांच्या घरकुलात राहतात. माझ्या शाळेतल्या मैत्रिणीची आईही विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पानं. पत्र्याचा साचा ठेवून कात्रीने पान कापायचं, चिमूटभर जर्दा भरून वळायचं आणि टोक नखाने दुमडायचं. बोलता बोलता, न बघता. त्याच खोलीत स्टोव्ह, त्याच खोलीत झोपलेलं बाळ. दार उघडून आत गेलं की आम्हाला शिंका यायच्या आणि ती माउली हसायची. तिचा नवरा यंत्रमागावर होता, रात्रपाळीहून आला की भुवयांवर कापसाची लव असायची. आई, मुलगी आणि नात एकाच खोलीत तीच हवा घेत असतील, तर तिघींना दम लागायला जनुकाची गरज नाही.

इथे एडिनबरातच डग्लस फाल्कनर या जनुकशास्त्रज्ञाने १९६५ मध्ये एक मांडणी केली, ती आम्ही आजही वापरतो. आजाराकडे कल प्रत्येकातच असतो, कुणात कमी, कुणात जास्त. त्यात जनुकांचा वाटा असतो आणि परिस्थितीचाही. दोन्ही मिळून कल एका उंबरठ्यापलीकडे गेला की माणूस आजारी पडतो. नातेवाईक जनुकांसारखंच घरही वाटून घेतात. म्हणून तर आम्ही एकमेकांच्या नात्यात नसलेले हजारो लोक घेऊन हिशेब करतो. एखाद्या आजारात आनुवंशिकतेचा वाटा चाळीस टक्के निघाला, तरी तो त्या समाजाचा, त्या परिस्थितीतला आकडा असतो. परिस्थिती बदला, आकडा बदलतो. एका मुलीबद्दल तो काहीच सांगत नाही.

इथे खाणकामगारांच्या खोकल्याला कुणी खानदानी म्हणून हात झटकले नाहीत. १९९८ मध्ये ब्रिटनच्या न्यायालयाने त्यांच्या छातीच्या विकारांसाठी सरकारी कोळसा कंपनीला जबाबदार धरलं आणि पुढे भरपाई मिळाली. माझ्या घरमालकिणीच्या वडिलांनाही मिळाली. आणि आपण? बायकांनी आयुष्यभर तंबाखूची धूळ खाल्ली आणि त्यांची नात लग्नाच्या बाजारात नापास.

चुलतभावाने तोडगा सुचवला, की लग्नाआधी मुलीची थुंकी तपासून घेऊ, आता खासगी लॅब रिपोर्ट देतात. अरे, दम्यासारख्या आजाराच्या जोखमीचे गुण, म्हणजे डीएनएवरून काढलेला स्कोअर, मुख्यतः गोऱ्या लोकांच्या माहितीवरून बांधलेले असतात. यूके बायोबँक या ब्रिटनच्या संशोधनसाठ्यात पाच लाख माणसं आहेत, त्यातली सुमारे ९५ टक्के गोरी. आपल्या लोकांना ते गुण लावले की अंदाज ढिला पडतो. जीनोम इंडिया या सरकारी प्रकल्पाने आपल्याकडच्या दहा हजार लोकांचे जीनोम, म्हणजे संपूर्ण डीएनए, २०२५ च्या जानेवारीत संशोधकांना खुले केले, ही फार मोठी गोष्ट आहे, पण सुरुवात आहे. त्यावरून कुणाची सोयरीक मोडू नका.

यावर काकांचं उत्तर आलं, "डॉ. कोटणीसही सोलापूरचेच. ते परदेशी गेले ते द्यायला. तू तिथे बसून आम्हाला शिकवतेस." १९३८ मध्ये चीनला गेलेला आणि चारच वर्षांत तिथेच वारलेला तो माणूस. त्यांच्या स्मारकात आमची शाळेची सहल गेली होती. ते वाचून मी फोन उपडा ठेवला. इथल्या मीडोज बागेतून चालत घरी येताना रडू आवरत नव्हतं, कारण काकांना न सांगितलेलं एक माझ्याकडे आहे.

मे २०२१ मध्ये आप्पा कोविडने गेले. भारत ब्रिटनच्या कडक प्रवासनिर्बंधांच्या यादीत, रेड लिस्टवर होता, पण तिकिटं मिळत होती. मी गेले नाही. परतल्यावर हॉटेलमधलं क्वारंटाइन, संपत आलेलं कॉन्ट्रॅक्ट, व्हिसा, अशी कारणं तेव्हा खूप मोठी वाटली. तिसऱ्या गुणसूत्रावरचा एक तुकडा कोविड गंभीर करतो आणि तो निएंडरथल या नामशेष झालेल्या मानवांकडून आलाय, हे तेव्हा सिद्ध झालं होतं. युरोपात सुमारे १६ टक्के लोकांत, दक्षिण आशियात जवळजवळ निम्म्यांत. तो आलेख माझ्या स्क्रीनवर रोज असायचा. त्या रात्री आईला फोनवर मीच म्हणाले, "आई, ते आपल्या रक्तातच होतं गं."

आईला धीर द्यायला म्हणाले, असं इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. धीर मला हवा होता. रक्तात असेल तर मी तिथे असते-नसते, काही फरक पडला नसता.

काल आईला फोन केला, म्हटलं काकांना तू तरी समजाव. ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तूच म्हणाली होतीस ना आप्पांच्या वेळी? तेव्हापासून दादा खोकला की माझा जीव जातो."

चार वर्षं ती त्या वाक्यासोबत राहिली आणि मला पत्ता नव्हता.

मी म्हटलं, "आई, मला ते माहीत नव्हतं. आप्पांचं रक्त त्यासाठी कुणी तपासलंच नव्हतं. बेड मिळायला अकरा तास लागले आणि तोवर ऑक्सिजन नव्हता. आपल्याला एवढंच माहीत आहे."

ग्रुपवर काकांनाही आज हेच लिहिते आहे, आप्पांच्या नावासकट.