जीवनगौरव फक्त डॉक्टरांचाच का?

सोलापूर परिसरात आयुष्यभर आरोग्यसेवा करणाऱ्यांना दरवर्षी प्रादेशिक जीवनगौरव पुरस्कार द्यावा, हा एका लेखात मांडलेला विचार मला पटला. मात्र त्या लेखात 'वैद्यकीय क्षेत्र' म्हणजे डॉक्टर असेच गृहीत धरलेले दिसते. पूर्व भागातील यंत्रमाग आणि विडी कामगारांच्या वस्त्यांमध्ये तेलुगू, कन्नड व मराठी अशा तिन्ही भाषांत रुग्णांशी बोलत, दम्याच्या किंवा क्षयाच्या रुग्णाला औषध मध्येच न सोडण्याविषयी पुन्हा पुन्हा समजावणाऱ्या परिचारिका आणि आशा सेविका यांचे काम कोणत्या निकषात बसवणार? शोधनिबंध, पदव्या आणि खाटांची संख्या यांवर निवड होणार असेल, तर त्यांचे अर्ज पहिल्याच चाळणीत बाद होतील. तसेही, उमेदवाराने स्वतःच अर्ज करून गौरव मागावा ही पद्धत मला थोडी लाजिरवाणी वाटते; त्यापेक्षा रुग्णांनी आणि सहकाऱ्यांनी नावे सुचवावीत.

दुसरा मुद्दा वयाच्या अटीचा. याच शहरात 1910 साली जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि 1942 मध्ये, अवघ्या 32 व्या वर्षी, तेथेच निवर्तले. लेखात सुचवलेली साठ वर्षांची अट लावली, तर ज्यांच्या स्मारकाचा आपण अभिमान बाळगतो, तेच या पुरस्काराला अपात्र ठरले असते. तेव्हा अट वयाची नसावी, कामाची असावी. आणि मरणोत्तर नोंदीसाठीही नियमावलीत एखादे कलम असावे.