टाचेच्या रक्ताआधी बीपीचा पट्टा

‘तिकडं बाळाची टाच टोचून आजार ओळखतात, मग आपल्या सरकारी दवाखान्यात का नाही?’ बीड-लातूरकडच्या मंडळींशी बोलताना हा प्रश्न हमखास निघतो. इंग्लंडमध्ये पाचव्या दिवशी टाचेच्या रक्ताचे चार ठिपके कार्डावर घेतात, हे खरं. पण तपासतात ते मोजकेच, वेळेत कळले तर उपचार करता येतील असे आजार. आणि दोष निघाला तर त्या घरी फोन कोणी करायचा, हे आधीच ठरलेलं असतं. आपल्याकडच्या खासगी पॅकेजात आजारांची संख्या ठळक छापतात; पुढचं कुणी बोलत नाही.

मला विचाराल तर मराठवाड्यात पहिला पैसा गरोदरपणाच्या बाराव्या आठवड्यावर घालावा. आधीच्या बाळंतपणात बीपी वाढलेलं, किंवा मुळातच मधुमेह वा किडनीचा आजार असलेल्या बाईला इंग्लंडमध्ये बाराव्या आठवड्यापासून डॉक्टर, बीपीचा धोका टळावा म्हणून, रोज ७५ ते १५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन लिहून देतात. गोळी अगदी स्वस्त, पण सोळावा आठवडा उलटल्यावर सुरू केली तर फायदा घटतो. म्हणून नोंदणी लवकर हवी आणि बीपी नीट मोजायला हवं: पाच मिनिटं टेकून बसवायचं, दंड छातीच्या पातळीला. जाड दंडाला लहान पट्टा बांधला की आकडा उगाच फुगतो. १४०/९० आलं तर पुन्हा मोजून लघवीत प्रोटीन बघायचं. १६०/११० असेल तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात.

साखरेसाठी ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त. पहिल्या भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत. १४० वा जास्त म्हणजे मधुमेह. पण दोन तास बसायला उपकेंद्रात बाक तरी असतो का?

बाळासाठी आधी फक्त थायरॉइडची तपासणी आणा. पहिल्या २४ तासांत टीएसएच, म्हणजे या तपासणीत मोजतात ते संप्रेरक, मुळातच चढलेलं असतं, त्यामुळे घाईचा नमुना खोटी भीती घालतो. ४८ ते ७२ तासांनी घ्यावा, कार्ड सावलीत आडवं ठेवून तीन-चार तास वाळवावं. ओलं कार्ड पिशवीत कोंबलं की नमुना वाया. दोष निघाला तर थायरॉइडची गोळी जन्मापासून दोन आठवड्यांच्या आत सुरू झाली पाहिजे.

खरा खोडा हंगामाचा. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. आशाताई गावात, गरोदर बाई कोल्हापूरकडच्या फडावर. मुकादमाकडे उचल घेतलेल्या प्रत्येक कोयत्याची, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीची, यादी असते. तीतल्या गरोदर बायकांची नावं कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्राला टोळी पोचण्याआधी कळवावीत, आणि दर महिन्याच्या ९ तारखेची सरकारी तपासणी गळीत हंगामात मजुरांच्या कोप्यांजवळ भरवावी.