आईला मारता येईल का?

आज दुपारपासून माझं डोकं फिरलंय. लिहून मोकळी झाल्याशिवाय झोप लागणार नाही, म्हणून लिहितेय. पोस्ट लांबणार आहे, आधीच सांगून ठेवते.

माझी भाची चौदा वर्षांची आहे आणि जादूच्या गोष्टी लिहिते. एका ऑनलाइन लेखन कार्यशाळेत तिनं आपल्या कादंबरीचं पहिलं प्रकरण पाठवलं होतं. त्यातली मुलगी वाळलेले कपडे काढायला गच्चीवर जाते. वारा पडलेला असतो, तरी दोरीवरची एकच चादर हलत असते. मुलगी बघत राहते. चादरीच्या हलण्याला एक ठेका आहे हे तिच्या लक्षात येतं, आणि नकळत तिचा श्वास त्या ठेक्यात चालायला लागतो. मग तिला शंका येते. ती श्वास रोखते. चादर थांबते. ती श्वास सोडते, चादर फुगते. तिथे प्रकरण संपतं. वाचताना माझ्या अंगावर काटा आला होता.

आज ते शेरे मारून परत आलं. शेवटच्या परिच्छेदाखाली लिहिलंय: ‘प्रसंग गोड आहे, पण संघर्ष कमी पडतो. शक्ती जागी व्हायला काहीतरी जबरदस्त घडायला हवं. आईला मारता येईल का?’

भाचीनं मला फोन केला. ती रडत नव्हती, नाराजही नव्हती, आणि हेच मला जास्त लागलं. ती शांतपणे विचारत होती, “मावशी, आग लावू की अपघात दाखवू? आगीत मेली तर शक्ती आगीची येईल ना, मग चादरीचं काय करू?”

चादरीचं काय करू! अगं, चादर हीच तर तुझी गोष्ट आहे.

तुम्ही सगळे वाचणारे लोक आहात, हा साचा तुम्हाला पाठ असेल. गाव जळतं, आईबाप मरतात, चारपाच दांडगट पोरं एकट्या मुलाला कोपऱ्यात घेतात, मग किंकाळी, पांढरा उजेड, सगळे भुईसपाट. मुलगा आपल्या हातांकडे बघतो. पुढच्या प्रकरणात म्हातारा गुरू हजर. कितीदा वाचायचं हे? आणि आता हा नियम म्हणून शिकवायलाही लागलेत.

मला याचा इतका संताप का येतो, त्याला कारण आहे. मी लहान असताना नात्यातल्या एका काकांनी मला खोल पाण्यात ढकललं होतं. “पाण्यात पडलं की हातपाय आपोआप हलतात,” असं त्यांचं म्हणणं. माझे हलले नाहीत. मला आठवतो तो हिरवट उजेड, नाकातून थेट कपाळात गेलेली जळजळ, आणि कुणीतरी केसांना धरून वर ओढलं ते. काठावर मी ओकत होते आणि काका सांगत होते, “बघा, आता शिकेल.” त्यानंतर कित्येक वर्षं मी पाण्याजवळ फिरकले नाही.

आता हॅरी पॉटरच्या पहिल्या पुस्तकातला, १९९७ सालचा, नेव्हिल आठवा. या पोरात जादू नाहीच की काय अशी घरच्यांना धास्ती. म्हणून चुलत आजोबा त्याला धक्क्यावरून पाण्यात ढकलतात. तो बुडता बुडता वाचतो, जादू काही दिसत नाही. मग आठव्या वर्षी तेच आजोबा त्याला घोट्यांना धरून वरच्या मजल्याच्या खिडकीबाहेर लटकवतात, आणि कुणीतरी खायला काही पुढे केलं म्हणून त्यांचा हात सुटतो. पोरगा चेंडूसारखा टप्पे खात बागेतून रस्त्यापर्यंत जातो. जादू आहे! आजी आनंदानं रडते. आजोबा खूश होऊन त्याला बेडूक घेऊन देतात. नेव्हिल हा किस्सा जेवणाच्या टेबलावर सांगतो आणि पुस्तक पुढे जातं. माझ्या मैत्रिणींना त्यात गंमत वाटली होती. मला ती पानं वाचताना नाकातली जळजळ परत जाणवली होती. त्या पोराचा पुढे किती वर्षं स्वतःवर विश्वास बसत नाही ते बघा, आणि मग सांगा की खिडकीतून पडणं त्याच्या कामी आलं.

ब्रँडन सँडरसनच्या ‘मिस्टबॉर्न’मध्ये (२००६) तर हा जगाचाच नियम आहे. शक्ती रक्तात असते, पण टोकाचा आघात झाल्याशिवाय ती फुटून बाहेर येत नाही. मग सरदार घराण्यांत काय होतं? पोरांना मरणाच्या दारापर्यंत बडवतात, शक्ती आहे का बघायला. सँडरसननं निदान ही गोष्ट क्रूर आहे हे लपवलेलं नाही, एवढं मी मान्य करते. या नियमाचा सरळ अर्थ तोच होतो हे त्यानं स्वतःच दाखवलंय. आघातानं शक्ती येत असेल, तर आघात करणारा उपकारकर्ता ठरतो.

आणि इथेच माझं खरं भांडण आहे. ते काका अजूनही घरातल्या प्रत्येक कार्यात चारचौघांत सांगतात, “हिला पोहायला मी शिकवलं.” मी आज छान पोहते. म्हणून ते म्हणतात, आणि ऐकणारे माना डोलावतात. ढकलणारा श्रेय घेऊन जातो आणि ज्यांनी खरं शिकवलं त्यांचं नावही कुणी घेत नाही. आईला मारून मुलीला शक्ती देणारी प्रत्येक गोष्ट माझ्या त्या काकांच्या बाजूनं साक्ष देते. मला हे सहन होत नाही. माझ्या भाचीनं चौदाव्या वर्षी अशी साक्ष लिहू नये.

रॉबर्ट जॉर्डनला हे बरोबर कळलं होतं. ‘द व्हील ऑफ टाइम’ (पहिला भाग १९९०) वाचलेल्यांना ‘वाइल्डर’ आठवत असतील. गुरूशिवाय, आपलं आपण शक्तीला हात लावलेल्या बायका. कथेतला हिशेब असा की शिकवणारं कुणी नसेल तर अशा चौघींतली एकच जगते. आणि जी जगते तिच्या मनात बहुतेकदा एक अडसर बसलेला असतो. नायनीव्ह घ्या. ती गावची वैदू, तापानं फणफणलेल्या एका मुलीला बरं करते, आणि आपण जादू केली हे तिच्या गावीही नसतं. पण पुढे तिला संताप आल्याशिवाय शक्तीला हातच लावता येत नाही. पुस्तकामागून पुस्तकं ती या अडसराशी झगडते. लोक म्हणतात राग ही किल्ली. जॉर्डन म्हणतो राग हे कुलूप. सातव्या भागात (१९९६) ते कुलूप निघतं तेव्हा ती बुडालेल्या नावेत अडकलेली असते, हवा संपत आलेली असते, आणि ती झगडणं सोडून देते. अंग सैल सोडते. त्या क्षणी शक्ती येते.

हो, तिथेही जीव धोक्यात होताच. मान्य. पण भीतीनं काम झालं नाही, सोडून देण्यानं झालं, आणि पाण्याशी ज्याचा संबंध आलाय त्याला हा फरक समजावून सांगावा लागत नाही.

मी पोहायला शिकले ते खूप मोठेपणी, कंबरभर पाण्यात. शिकवणाऱ्या बाईंनी मला पोहायला सांगितलंच नाही. म्हणाल्या, “छातीत श्वास भरून घ्या, रोखून धरा आणि खाली तळाला बसून दाखवा.” मी गुडघे पोटाशी घेतले आणि बसायला गेले. पाणी बसूच देईना. मी जोर लावला, पाण्यानं मला परत वर ढकललं, पाठ पृष्ठभागाला लागली. मी डोकं बाहेर काढलं आणि हसतच सुटले. ज्या पाण्यानं मला बुडवलं असं मी समजत होते, ते मला खाली जाऊ द्यायलाच तयार नव्हतं! भरलेल्या छातीनं माणूस तरंगतो हे शाळेत शिकवलेलं असतं. अंगाला ते त्या दिवशी कळलं.

जादू पहिल्यांदा जागी होते तो प्रसंग मला असा हवा. जगाचा एक गुणधर्म, जो आधीपासून होताच, तो अचानक अंगाला कळतो.

अर्सुला ले ग्विननं हे १९६८ मध्येच लिहून ठेवलंय. ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’चं पहिलंच प्रकरण. सात वर्षांचा डनी आपल्या मावशीला छपरावर चढून बसलेल्या बकरीला काही शब्द म्हणताना ऐकतो. बकरी उडी मारून खाली येते. दुसऱ्या दिवशी तो रानात एकटाच बकऱ्या राखत असतो. तो तेच शब्द ओरडून बघतो. अर्थ माहीत नाही, कशासाठी ते माहीत नाही. कळपातल्या सगळ्या बकऱ्या येतात. आवाज न करता, पिवळ्या डोळ्यांनी त्याच्याकडे बघत. तो हसतो आणि पुन्हा ओरडतो. त्या आणखी जवळ येतात. शिंगं, केस, वास, चारी बाजूंनी दाटी. आता त्याला भीती वाटते, तो पळतो, आणि त्या त्याला मधे घेऊन तशाच गावापर्यंत धावत येतात, जणू सगळ्यांना एकच दोरी बांधलीय.

कुणी मेलं? कुणी मारलं? काहीही नाही. तरी दोन परिच्छेदांत कुतूहल, हसू, मग ताबा सुटल्याची भीती, आणि गावासमोर झालेली फजिती. संघर्ष कमी पडतो म्हणे! पुढे बाराव्या वर्षी तोच पोरगा धुकं विणून गावाला हल्ल्यातून वाचवतो, आणि त्या संकटाचा परिणाम काय होतो? त्याची वाचा जाते. तो खात नाही, झोपत नाही. संकटानं त्याला रिकामं केलं. बकऱ्यांनी त्याला जागं केलं होतं.

टेरी प्रॅचेटची टिफनी तर मला पोटच्या पोरीसारखी प्रिय आहे (‘द वी फ्री मेन’, २००३). नऊ वर्षांची पोर. नदीतून मोठाल्या डोळ्यांचं काहीतरी भयंकर बाहेर येताना दिसतं. ती घरी जाते, परीकथांच्या पुस्तकात त्या राक्षसिणीचं वर्णन शोधते, ‘सूपच्या बशीएवढे डोळे’ असं वाचते, आणि मग खरंच बशी घेऊन मोजते. आठ इंच. मग तवा उचलते आणि परत नदीवर जाते. (धाकट्या भावाला आमिष म्हणून घेऊन जाते, ते मला पटलेलं नाही, पण असो.) तिची चेटकीणगिरी सुरू होते ती त्या मोजण्यापासून. जे दिसलं ते नीट बघणं. माझ्या भाचीची मुलगी चादरीचा ठेका मोजते तेव्हा ती टिफनीच्या शेजारी उभी असते, आणि त्या शेरे मारणाऱ्याला ते दिसलं नाही.

आता मला कुणीतरी ‘मटिल्डा’ ऐकवणार. ऐकवा. १९८८ चं पुस्तक, खोट्या आरोपानं पेटून उठलेली छोटी मुलगी, डोळ्यांत उष्णता दाटते आणि पाण्याचा ग्लास बाईंच्या अंगावर कलंडतो. हो, तिथे राग आहे. पण ती शक्ती शेवटी का जाते, ते आठवतं का तुम्हाला? वरच्या वर्गात बसवल्यावर तिच्या बुद्धीला पुरेसं काम मिळतं, म्हणून. म्हणजे लेखक रोआल्ड डालच्या मते ती शक्ती आली होती कोंडून ठेवलेल्या बुद्धीतून. रागानं फक्त झाकण उडवलं.

आणि ज्यांनी खरोखर सोसलंय त्यांना आघातातून शक्ती जागी होण्याच्या गोष्टीतून बळ मिळतं, हेही मला माहीत आहे. त्यांच्याशी माझं भांडण नाही, कधीच नव्हतं. एन. के. जेमिसिनच्या ‘द फिफ्थ सीझन’मधली (२०१५) दमाया शाळेत एका मुलानं ढकलल्यावर स्वतःची शक्ती दाखवून बसते, आणि मग आईबाप तिला कोठारात कोंडतात. न्यायला येणारा माणूस गोड बोलतो आणि तिला ताबा शिकवायचा म्हणून तिचा हात मोडतो. ते वाचून मी पुस्तक मिटून बसून राहिले होते. पण जेमिसिन त्या माणसाला श्रेय देत नाही. त्या हाताची किंमत ती शेवटच्या पानापर्यंत वसूल करते. वेदना लिहायची तर अशी लिहा. पहिल्या प्रकरणात आईला मारून दुसऱ्या प्रकरणात तिला विसरून जाणार असाल तर कृपा करून तिला जगू द्या.

भाचीला मी संध्याकाळी परत फोन केला. रागात बोलणार होते, पण तिचा आवाज ऐकून निवळले. तिला एवढंच विचारलं, “मुलगी चादर घेऊन खाली येते तेव्हा आई घरात असते. ती आईला सांगते का?”

ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, “सांगत नाही. पण आईला कळतं. कारण आई सुद्धा...” आणि तिथेच थांबली. “थांब मावशी, लिहून घेते,” म्हणाली आणि फोन ठेवला.

मेलेली आई एकाच प्रकरणाला पुरते. जिवंत आई घरात आहे, तिला काय माहीत आहे, ती काय लपवतेय, ती मुलीला अडवेल का शिकवेल, यावर अख्खी कादंबरी उभी राहते. हे एका लेखन शिकवणाऱ्या माणसाला कळू नये याचं मला अजून वाईट वाटतंय. राग थोडा उतरलाय. वाईट वाटणं उतरलं नाही.

आता तुमच्याकडून एक हवंय. ज्या पुस्तकांत जादू कुतूहलातून, खेळातून, नुसत्या बघण्यातून जागी होते, अशी नावं खाली लिहा. चौदा वर्षांच्या मुलीला झेपतील अशी. मराठीत असतील तर ती आधी सांगा.